पंपहाऊसवरची नवी यंत्रे आणि आपली माणसे

(विहाराच्या वर्धापनदिनी सभागृहात झालेल्या भाषणाचे शब्दांकन. वक्ते सूतगिरणीत कामगार असून वस्तीतील जुने कार्यकर्ते आहेत.)



समितीने मला बोलायला सांगितले तेव्हा सगळ्यांची समजूत अशी की हा माणूस नेहमीप्रमाणे कामगार चळवळीवर बोलणार. मी विषय सांगितला तेव्हा एक-दोघे हसले. वर्धापनदिनाला गटाराच्या पंपावर भाषण! मी म्हटले, बाबांनो, आपली शेवटची चाळ आणि पंपहाऊसची भिंत यांच्यामध्ये बारा पावलांचा बोळ आहे. त्याच्याविषयी इथे बोलायचे नाही तर कुठे बोलायचे? नगरपालिकेने गावातल्या मैलापाण्याच्या पंपहाऊसवरची देखरेखीची जुनी यंत्रणा काढून नवी बसवायचे ठरवले आहे. निविदेचा मसुदा तयार होतो आहे. ती एकदा निघाली की पुढची पंधरा-वीस वर्षे तेच यंत्र आपल्या डोक्यावर बसणार. म्हणून जे बोलायचे ते आत्ताच.

मी इंजिनिअर नाही, हे आधी कबूल करतो. शाळा नववीत सुटली. सूतगिरणीत ह्युमिडिफिकेशन प्लँटवर नोकरी काढली. कोरड्या हवेत सूत तुटते म्हणून खात्यात ओलावा सोडावा लागतो, ते माझे काम. तिथे हौद आला, पंप आला, जाळी, फ्लोट, पॅनेल सगळे आले. जे शिकलो ते फिटरच्या हाताखाली आणि रद्दीतून आणलेल्या पुस्तकांतून. माझे काही चुकले तर डिप्लोमा झालेली आपली मुले समोर बसली आहेत, त्यांनी उठून सांगावे. मी रागावणार नाही.

आता मुळापासून सांगतो. घराघरातले मैलापाणी पाइपातून जाते ते उताराने. त्याला कोणी ढकलत नाही. पण गाव काही सगळीकडे सारखे उताराचे नसते. पाइप उतार धरत धरत खोल जातो, आणि शेवटी एवढा खोल होतो की पुढे खोदणे परवडत नाही. तिथे एक विहीर बांधतात. इंग्रजीत तिला वेट वेल म्हणतात, आपली माणसे संप म्हणतात. संपात पाणी साठले की पंप ते उचलतो आणि दाबाच्या नळाने उंचावरच्या पुढच्या गटारात नाहीतर शुद्धीकरण केंद्राकडे टाकतो. मुंबईला वरळीचे लव्हग्रोव्ह किंवा वांद्र्याचे मोठे केंद्र आहे, तिथून पाणी समुद्राखालच्या बोगद्याने तीन किलोमीटरपेक्षा जास्त आत नेऊन सोडतात. आपले पंपहाऊस त्याच्यापुढे पिल्लू. पण तत्त्व तेच. आणि अशी पंपहाऊस कुठे असतात? गावाच्या सगळ्यांत सखल जागी. आणि सखल जागी वस्ती कोणाची असते, हे या सभागृहात मी सांगायची गरज नाही.

संपात पाणी किती आले हे पंपाला कळावे म्हणून फ्लोट टाकलेले असतात. संडासाच्या टाकीतला गोळा असतो ना, त्याचाच मोठा भाऊ. वायरला टांगलेला. पाणी चढले की तो कलतो, आतला स्विच लागतो, पंप चालू. पाणी उतरले की पंप बंद. आणखी चढले तर दुसरा पंप. त्याच्याही वर गेले तर धोक्याची घंटा. एवढेच. सगळा खेळ या चार-पाच गोळ्यांवर.

जरा हिशोब करू, कारण वेळ किती मिळतो हे कळल्याशिवाय बाकीचे कळणार नाही. समजा एका पंपहाऊसवर रोज वीस लाख लिटर मैलापाणी येते. सरकारी धोरणाप्रमाणे माणशी १३५ लिटर पाणी धरतात, त्यातले सुमारे ८० टक्के गटारात परत येते असे मानतात. म्हणजे हे १८ हजार माणसांचे पाणी झाले. तासाला सुमारे ८३ हजार लिटर. संपाचा व्यास ४ मीटर, आणि पंप चालू व्हायच्या खुणेपासून तोंड भरेपर्यंत २ मीटर जागा, म्हणजे २५ हजार लिटर. पंप बंद पडला तर हा संप १८ मिनिटांत भरतो. ही झाली सरासरी. सकाळी सहा ते नऊ या वेळात पाणी अडीचपट येते असे धरले तर सातच मिनिटे! मागच्या पाइपात थोडे साठते, त्याने थोडी उसंत मिळते. त्यानंतर पाणी सखल घराच्या संडासातून वर येते. नगरपालिकेच्या मुख्य कचेरीतून माणूस जीपला किल्ली लावून निघेपर्यंत सात मिनिटे गेलेली असतात.

म्हणून पंपहाऊसला एक लांबून पाहणारा डोळा लागतो. त्याला स्काडा म्हणतात. नाव मोठे आहे, काम साधे आहे. पंपहाऊसवर एक पेटी असते. तिच्यात लहानसा संगणक असतो. त्याला पीएलसी म्हणा की आरटीयू म्हणा. पाणी किती उंच, कोणता पंप चालू, कोणता ट्रिप झाला, मोटर किती अँपिअर घेते, वीज आहे की गेली, हे सगळे ती पेटी मोजते आणि टेलिफोनच्या तारेने, रेडिओने किंवा मोबाईलच्या सिमकार्डाने मुख्य कचेरीत कळवते. कचेरीतल्या माणसाला पडद्यावर दिसते. त्याला तिथूनच पंप चालू-बंदही करता येतो.

आपल्या पंपहाऊसवरही अशी एक जुनी पेटी आहे. काही बिघडले की ती टेलिफोन लावून रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवायची. आता २०१८ सालच्या जुलैतली ती रात्र आठवा.

रात्रीचे अडीच वाजले असतील. पाऊस धो धो. पहिल्या पंपाच्या पात्यात चिंध्या अडकल्या, मोटरवर लोड आला, ओव्हरलोड रिले पडला. हे होतच असते. अशा वेळी दुसरा पंप आपोआप लागायला पाहिजे. तो लागला नाही. कारण त्याचा फ्लोट तेलकट साक्याच्या थरात चिकटून बसला होता, पाणी वर गेले तरी तो कलला नाही. बरे, मग पेटीने फोन करायचा. पेटीने फोन लावलाही असेल बिचारीने. पण त्या पंपहाऊसची टेलिफोनची तार आदल्या वर्षीपासून तुटलेली होती, आणि ते कोणाच्या लक्षात आलेले नव्हते. ऑपरेटर भाऊ? त्यांना एका माणसात दोन पंपहाऊस दिलेली, ते दुसरीकडे होते. त्यांचा यात काडीचा दोष नाही, हे मी त्या दिवशीही म्हणालो होतो.

तीन वाजता आमच्या खालच्या चाळीत पाणी शिरले. कसले पाणी ते सांगत नाही. एका ताईच्या मुलीची बारावीची पुस्तके खाटेखाली होती, ती सगळी गेली. दोन दिवस चुली पेटल्या नाहीत. पण मला जे सांगायचे आहे ते पुढचे आहे.

सकाळी ठेकेदाराची दोन पोरे आली. त्यांतला एक आपल्याच वस्तीतला. मुकादमाने सांगितले, काही नाही, फ्लोट अडकलाय, खाली उतर आणि मोकळा कर, पाच मिनिटांचे काम. तोंडाला रुमाल, कमरेला दोरी. दोरीसुद्धा शेजारच्या म्हाताऱ्या दादांनी हट्ट धरला म्हणून बांधली. पोरगा लोखंडी पायऱ्यांवरून उतरला, काठीने साका हलवला, आणि दोन मिनिटांत काही न बोलता बाजूला कलंडला. ओरडलासुद्धा नाही. दुसरा पोरगा त्याला काढायला लगेच आत उडी घेणार होता. दादांनी त्याला मिठी मारून धरले, खाली पाडले, म्हणाले, तू गेलास तर दोन मढी काढावी लागतील. आम्ही सात-आठ जणांनी दोरी ओढली. तो वाचला. सतरा दिवस दवाखान्यात होता. आज तो या सभेत बसला आहे. त्याने विनंती केली आहे की माझे नाव घेऊ नका, म्हणून घेत नाही. जिना चढताना त्याला अजून दम लागतो.

तो वाचला तो नशिबाने नाही, दोरीने वाचला. मैल्यात सडण्यामुळे हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू होतो. सडक्या अंड्याचा वास येतो तो हाच. पण फार कपटी वायू आहे. थोडा असला की वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या वर गेला की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटते, गेला वाटते वास, हवा साफ झाली. पाचशे-सातशेच्या वर गेला तर माणूस काही श्वासांतच कोसळतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून खाली विहिरीत बसून राहतो. साका हलवला की आत कोंडलेला वायू एकदम सुटतो. रुमालाने तो अडत नाही, हे घरोघरी सांगा. आणि अशा जागी जी माणसे मरतात त्यांत वाचवायला उतरलेली माणसेही असतात. आपण पेपरात वाचतो की बाप गेला, मुलगा काढायला उतरला, तोही गेला. दादांनी मिठी मारली ती म्हणून मोलाची.

कायदा काय म्हणतो? २०१३ साली हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध जो कायदा झाला, त्यात गटार आणि सेप्टिक टँकमध्ये माणसाला संरक्षक साधनांवाचून उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २७ मार्च २०१४ रोजी सुप्रीम कोर्टाने १९९३ पासूनच्या अशा प्रत्येक मृत्यूबद्दल कुटुंबाला १० लाख रुपये द्यायला सांगितले. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती रक्कम ३० लाख केली, आणि कायमचे अपंगत्व आले तर त्यालाही भरपाई. हे कागद विहाराच्या वाचनालयात झेरॉक्स करून ठेवले आहेत. भरपाईचा हक्क सोडू नका. पण मला स्वतःला तीस लाखांचा हिशोब करायची पाळीच यायला नको आहे.

बंधू-भगिनींनो, विचार करा. त्या दिवशी तो पोरगा कशासाठी उतरला होता? एका गोळ्यासाठी. अडकलेला गोळा मोकळा करण्यासाठी. म्हणजे देखरेखीचे यंत्र कोणते बसवायचे हा प्रश्न दिसतो वायरी-पेट्यांचा, पण तो आपल्या माणसाला विहिरीत उतरवायचे की नाही याचा प्रश्न आहे. आणि तो निविदेच्या कागदावर ठरतो. उतरणाऱ्याला तो कागद कोणी दाखवत नाही.

म्हणून आता जरा कंटाळवाणे वाटले तरी यंत्राविषयी ऐका.

पहिली गोष्ट पाण्याची उंची मोजण्याची. फ्लोट स्वस्त आणि समजायला सोपा, पण चिंध्या गुंडाळतात, साका चिकटतो. दुसरा प्रकार पाण्यात सोडून ठेवायचा, तो दाबावरून उंची सांगतो. त्याच्या तोंडावर चरबी बसली की तो खोटे बोलू लागतो. तिसरा वरून आवाजाच्या लहरी टाकतो. त्याला फेस आणि वाफ यांचा त्रास होतो. साबणाचा फेस आला की तो फसतो. चौथा रडार. तोही वरच टांगलेला, पाण्याला शिवत नाही, वाफेने फारसा फसत नाही. पूर्वी फार महाग होता, आता तेवढा राहिलेला नाही. माझे मत असे की मुख्य मोजणी रडारने करावी, आणि तरीही दोन फ्लोट राखीव ठेवावेत, एक पंप लावण्यासाठी, एक धोक्याच्या घंटेसाठी. आणि त्या फ्लोटची वायर संगणकातून न जाता थेट स्टार्टरला जावी. संगणक बंद पडला तरी गोळा पंप लावील. आमच्या गिरणीत नवीन आलेल्या साहेबाने असा जुना गोळा काढून टाकला होता, म्हणाला, आता याची गरज काय? पुढे काय झाले ते सांगत बसत नाही, खाते दीड दिवस बंद होते. आणि हे सगळे टांगलेले सामान वरूनच, झाकणाजवळून, साखळीने ओढून बाहेर काढता आले पाहिजे. धुवायचे, परत सोडायचे. तसेच पंपाचे. आता बुडते पंप मिळतात, ते दोन पाइपांच्या रुळावरून वर ओढून घेता येतात. हात वर, माणूस वर, काम वर.

दुसरी गोष्ट, पेटी कुठे बसवायची. संपाच्या तोंडावर बसवली तर तोच वायू तांब्याचे कॉन्टॅक्ट काळे करून खातो. तीन वर्षांत पेटी खलास. पेटी बाजूच्या खोलीत, वायरींचे भोक बंद करून. आणि संपात स्फोट होणारा मिथेनही असतो, म्हणून तिथले उपकरण ठिणगी न देणारेच हवे.

तिसरी गोष्ट बातमी पोचवण्याची. आपली टेलिफोनची तार तुटली हे वर्षभर कळले नाही, कारण तार बोलली नाही तर सगळे ठीक आहे असे मानले जात होते. हे उलटे पाहिजे. रात्रीचा गुरखा असतो ना, काठी आपटत शिट्टी वाजवतो. शिट्टी ऐकू येते तोवर आपण झोपतो. शिट्टी बंद झाली की जाग आली पाहिजे. तशी पेटीने दर थोड्या मिनिटांनी "मी आहे, मी आहे" असे कळवत राहायचे, आणि ती गप्प झाली तर तीच धोक्याची घंटा समजायची. वीज गेली तर पेटीला बॅटरी हवी, कारण नेमकी वीज गेल्यावरच बोलायची पाळी येते. ती बॅटरी दर काही वर्षांनी बदलायची, हे ठेक्यात लिहायचे. नाहीतर बॅटरी असते पण मेलेली असते. सिमकार्ड दोन वेगळ्या कंपन्यांची असावीत. आणि मोबाईलची पिढी बदलते हे लक्षात ठेवा. अमेरिकेत २०२२ साली मोठ्या कंपन्यांनी थ्रीजी बंद केले, तेव्हा त्याच्यावर चालणाऱ्या असल्या पेट्या मुक्या व्हायची वेळ आली, घाईघाईने बदलाव्या लागल्या. म्हणून बोलणारा भाग वेगळा काढून बदलता येईल असा घ्यावा, सगळी पेटी टाकावी लागू नये.

घंटाही शहाणी पाहिजे. प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला मोबाईल वाजू लागला तर माणूस चार दिवसांनी आवाज बंद करून ठेवतो. लांडगा आला रे आला, ती गोष्ट. रात्री माणसाला उठवायचे ते तीन-चारच कारणांसाठी, बाकीचे सकाळी वाचले तरी चालते. आणि ज्याला उठवले त्याने दहा मिनिटांत "कळले" असे दाबले नाही तर पुढच्याला फोन गेला पाहिजे.

आता परदेशातला एक किस्सा सांगतो, तो ऐकून मी स्वतः दचकलो होतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये मरूची म्हणून भाग आहे. तिथे मैलापाण्याची १४२ पंपहाऊस, आणि त्यांची रेडिओवर चालणारी नवी यंत्रणा. २००० सालच्या सुरुवातीला गमती सुरू झाल्या. पंप आपोआप बंद, घंटा वाजेना, कचेरीशी संपर्क तुटायचा. सगळ्यांना वाटले, नवी यंत्रणा आहे, बिघाड असेल. सामान बदलले, प्रोग्रॅम पुन्हा टाकले, तरी तेच. शेवटी कळले की यंत्रणा बसवणाऱ्या ठेकेदाराकडे पूर्वी असलेला एक इंजिनिअर गाडीत लॅपटॉप आणि रेडिओ घेऊन फिरत होता, आणि आपणच मुख्य यंत्र आहोत असे भासवून पंपांना हुकूम सोडत होता. तिथल्या कौन्सिलने त्याला नोकरी नाकारली होती. सुमारे आठ लाख लिटर मैला बागांत, नदीनाल्यात आणि एका बड्या हॉटेलच्या आवारात गेला. एप्रिल २००० मध्ये तो पकडला गेला, २००१ साली दोन वर्षांची सजा झाली. त्याला आत शिरायला काही फोडावे लागले नाही. हुकूम कोणी दिला, हे पंप विचारतच नव्हते.

हे आपल्याला कशाला, असे कोणी म्हणेल. अहो, आपल्याकडे ठेकेदार दर तीन वर्षांनी बदलतो. जुन्याकडे सगळे पासवर्ड असतात. पॅनेलच्या दारावर आतून खडूने पासवर्ड लिहिलेला मी डोळ्याने पाहिला आहे. कुठे ते सांगत नाही. तेव्हा निविदेत लिहिले पाहिजे की प्रत्येक माणसाचा पासवर्ड वेगळा, नोकरी सुटली की तो बंद, आणि यंत्राचा मूळ प्रोग्रॅम, नकाशे, वायरिंगची वही नगरपालिकेच्या ताब्यात. नाहीतर ठेकेदार रुसला की सगळे गाव त्याच्या दाराशी.

आणखी एक, आणि हे मी सगळ्यांत वरचे मानतो. लांबून पंप चालू करता येतो, ही सोय आहे तशीच ती सुरीही आहे. पंपाच्या पात्यातून चिंधी काढायला कोणी हात घातला आहे, आणि कचेरीतल्या साहेबाला पडद्यावर दिसते की पंप बंद आहे. साहेब चांगल्या मनाने बटण दाबतो. मग? म्हणून पंपहाऊसवर एक स्विच पाहिजे: "जागेवर" किंवा "लांबून". तो जागेवर फिरवला की कचेरीचे बटण मेले पाहिजे, संगणकातून नव्हे, वायरीतूनच मेले पाहिजे. आणि काम करणाऱ्याने मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचे कुलूप लावायचे, किल्ली स्वतःच्या खिशात. दुसऱ्या कोणाच्या नाही, मुकादमाच्याही नाही. आमच्या गिरणीत हे कुलूप आले ते एका फिटरची चार बोटे गेल्यावर.

आता नोकऱ्यांचा प्रश्न. मला माहीत आहे, काही जणांच्या मनात तो केव्हापासून टोचतो आहे. पंपहाऊसवर तीन पाळ्यांत जी माणसे आहेत त्यांतली बरीच आपली आहेत, ठेक्यावरची आहेत. यंत्र आले की यांना घरी पाठवणार. मी हे पाहिलेले आहे. गिरणीत ऑटोकोनर आले तेव्हा वाइंडिंग खात्यातल्या बाया एकेक करून कमी झाल्या. माझी वहिनी त्यांत होती. एकाही यंत्राने तिला काढले नाही, माणसांनी काढले, यंत्राचे नाव सांगून. तेव्हा आम्ही युनियनमध्ये यंत्रच नको म्हणून ओरडत बसलो आणि हरलो. आज मला वाटते, आमची मागणी चुकीच्या जागी होती.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते पाहत होते. त्याच काळात पाटबंधारे, वीज यांची मोठी कामे त्यांच्या खात्यातून आखली गेली, आणि त्याच काळात कामगाराचे तासही कमी करण्याची पावले पडली. यंत्र आणि मजूर दोन्ही एकाच टेबलावर. मी एवढेच घेतो. इथेही तसेच म्हणायचे आहे: विहिरीत उतरण्याचे काम यंत्राने घ्यावे, ते गेले तर आम्हाला दुःख नाही. पण वर उभ्या असलेल्या माणसाला काढू नका. रडार पाणी मोजील, पण पात्यातली चिंधी काढायला तो येणार नाही. घंटा वाजल्यावर सात मिनिटांत पोचायचे तर माणूस जवळ पाहिजे, गाडी पाहिजे, वायू मोजायचे यंत्र पाहिजे. दहा-दहा वर्षे ज्यांनी नुसत्या आवाजावरून पंपाचे दुखणे ओळखले, त्यांनाच पडदा वाचायला शिकवा. आपली ऑपरेटर मंडळी मोबाईलवर काय काय करतात ते मी पाहतो, त्यांना हे जड जाणार नाही. (हशा.)

यंत्र बदलताना आणखी एक घात होतो. जुने काढून टाकतात आणि नवे अजून चालत नसते. तो मधला आठवडा फार वाईट. तेव्हा एकेक पंपहाऊस घ्यावे, पावसाळ्याआधी घ्यावे, नवे महिनाभर नीट चालल्यावरच जुने काढावे, आणि मधल्या काळात डिझेल पंप उभा ठेवावा. फ्लोट मुद्दाम उचलून, वीज मुद्दाम घालवून, सिमकार्ड मुद्दाम काढून दाखवा, आणि घंटा वाजते का ते वस्तीच्या दोन माणसांसमोर पाहा. बिल त्यानंतर.

हे सगळे आम्ही अर्जात लिहिले आहे. अर्ज चार पानी आहे. नगरपालिकेला तो आवडणार नाही, पण पोचपावती घेतल्याशिवाय आपण टेबलावरून उठायचे नाही. पावसाळ्यातल्या त्या रात्रीची तारीख, आणि दवाखान्याचे कागद, अर्जाला जोडले आहेत. ज्याचे कागद आहेत त्याने स्वतः होकार दिला म्हणून. दारातल्या टेबलावर अर्ज ठेवला आहे. वाचून सही करा, न वाचता करू नका.

भाषण संपल्यावर अध्यक्षांनी प्रश्न विचारायला सांगितले. महिला मंडळाच्या एका मावशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ते चिंध्या चिंध्या म्हणताय, त्या आमच्याच घरातल्या ना?" मी म्हटले, "होय मावशी, जुने फडके, पोरांचे डायपर, बायांचे पॅड, केसांचे गुंते, आणि हॉटेलवाल्यांचे तेल. संडासात टाकले की ते पंपातच जाते." त्या म्हणाल्या, "मग टाकायचे कुठे? आपल्या गल्लीत कचऱ्याची गाडी आठवड्यातून दोनदा येते, तीही कोपऱ्यावर थांबते. चार दिवस ते घरात ठेवायचे का?" सभा गप्प झाली. माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण चार पानी अर्जात हा मुद्दा मला सुचलाच नव्हता. समितीच्या चिटणिसांनी तिथल्या तिथे पेन काढले आणि अर्जाच्या शेवटी लिहिले: कचरागाडी रोज, गल्लीच्या आतपर्यंत. पहिली सही मावशींनी केली.